काट्याची पाटी वाचून काटा घ्या



पूर्वी आपले काम सोपे होते. माल पिकवायचा, पोती भरायची, बाजार समितीत नेऊन उतरवायची आणि हाती पडेल ती पट्टी घेऊन संध्याकाळच्या एस.टी.ने घरी यायचे. तोलणारा दुसरा, विकणारा तिसराच. आता तसे राहिलेले नाही. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्याच सुमारास शेतकरी आठवडे बाजाराची मोहीम निघाली आणि तिला नाव दिले ते आपल्याच माढा तालुक्यातल्या अरणच्या संत सावता माळी यांचे. आज पुणे-सोलापूर रस्त्याने जा, टेंभुर्णीपासून मोहोळपर्यंत डाळिंब, पेरू, सीताफळ घेऊन बसलेल्या राहुट्या दिसतात. कुणाच्या घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा चालतो, कुणी आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात खोके मांडतो, कुणी गावात दूध गोळा करतो.

म्हणजे शेतकऱ्याला दुकानदारही व्हावे लागले. दुकान म्हटले की गल्ल्यावर तीन वस्तू येतात: इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, बिल काढायचे यंत्र आणि मोबाइलवरून पैसे जमा झाले की मोठ्याने बोलून सांगणारा डबा. या तिन्ही वस्तू शहरातल्या पंख्याखालच्या काउंटरवर सुखाने नांदतात. आपल्याकडे त्यांना निंबाच्या झाडाखाली, ट्रकच्या धुरळ्यात, एप्रिलच्या उन्हात आणि परतीच्या पावसाच्या सपकाऱ्यात दिवस काढायचे असतात. म्हणून शहरातल्या पाहुण्याने घेतला तोच काटा आपण घेऊन चालत नाही. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. काटा घेताना मात्र आकडे लाल हवेत की हिरवे एवढेच पाहतो!

आधी पैशाचा हिशेब करू. समजा डाळिंब १०० रुपये किलो आहे आणि दिवसाला ५० किलो विकले जाते. काटा किलोमागे २० ग्रॅम कमी दाखवत असेल, तर आकडा एक किलोचा दिसेपर्यंत पारड्यात १,०२० ग्रॅम माल पडलेला असतो. दिवसाला एक किलो डाळिंब फुकट गेले. १०० दिवसांच्या हंगामात १०,००० रुपये झाले. तेवढ्यात साधा नवा काटा येऊन वर पैसे उरतात. आणि काटा उलट बाजूने चुकत असेल, म्हणजे जास्त दाखवत असेल, तर गिऱ्हाईक तुटते आणि निरीक्षक आला तर गुन्हाही आपल्या नावावर लागतो. काटा धुळीने बिघडला की मालकाने बिघडवला, हे गिऱ्हाइकाला कसे कळणार?

काटा चुकतो कुठे

वरचे स्टीलचे पारडे उचलून पाहा. खाली मधोमध ॲल्युमिनियमची एक जाड दांडी असते. तिला लोड सेल म्हणतात. तिच्या अंगाला केसासारखी बारीक धातूची जाळी चिकटवलेली असते. वजन पडले की दांडी डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते, जाळी ताणली जाते, तिच्यातून जाणारी वीज बदलते आणि त्या बदलाचा आकडा आपल्याला समोर दिसतो. सगळा कारभार त्या दांडीच्या मोकळेपणाने वाकण्यावर आहे.

आता रस्त्याकडेचा एखादा खडा, वाळलेली सालपटे किंवा मातीचा गोळा पारडे आणि खालची पेटी यांच्या सांध्यात अडकला की पारड्यावरचा थोडा भार त्या खड्यावर जातो. दांडीला तो कळतच नाही. आकडा कमी येतो आणि नुकसान विकणाऱ्याचे होते. ही धुळीची चोरी फार शांतपणे चालते. पाण्याचे तसे नसते. जाळीपर्यंत ओल पोचली की आकडे एका जागी ठरत नाहीत, रिकाम्या काट्यावर दहा-वीस ग्रॅम आपोआप चढतात आणि उतरतात. वारा नसताना रिकामा काटा असा नाचू लागला तर तो उन्हात वाळवून परत वापरायला काढू नका. तज्ज्ञाला दाखवा.

पाटीवर काय लिहिलेले असते

प्रत्येक चांगल्या काट्याला मागे किंवा बुडाशी एक लहानशी पाटी असते. अक्षरे इंग्रजी असतात, पण घरात शाळेत जाणारे पोर असतेच, त्याच्याकडून वाचून घ्या. तीवर काट्याची कमाल आणि किमान वजनमर्यादा, अचूकतेचा वर्ग, मॉडेल मंजुरीचा क्रमांक आणि ‘ई’ या अक्षरापुढे एक वजन असते. हे ‘ई’ म्हणजे व्यवहारात धरायचे सर्वांत लहान माप. फळे-भाजीच्या धंद्याला तिसऱ्या वर्गाचा काटा चालतो. ३० किलोच्या काट्याचा ‘ई’ ५ ग्रॅम असेल तर त्याची किमान मर्यादा त्याच्या वीसपट, म्हणजे १०० ग्रॅम असते. अशा काट्यावर ५० ग्रॅम चटणीची पुडी तोलू नये. ज्या भगिनी चटणी, मसाला, पापड विकतात त्यांनी एक-दोन ग्रॅम ‘ई’चा लहान काटा वेगळाच ठेवावा.

मॉडेल मंजुरीचा क्रमांक नसेल तर तो काटा धंद्यासाठी नाही, घरी केकचे पीठ मोजण्यासाठी आहे. हे स्वस्त काटे हल्ली घरपोच मिळतात आणि दिसायलाही झकपक असतात. त्यांवर निरीक्षकाचा शिक्का मिळत नाही.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. काही यंत्रांवर ‘आयपी’ ही दोन अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात: आयपी ५४, आयपी ६५, आयपी ६७ असे. हे यंत्राच्या पेटीचे धूळ-पाण्याचे गुणपत्रक आहे आणि ते जगभर एकाच पद्धतीने मोजतात. ही एकच संख्या म्हणून वाचायची नाही, दोन वेगळे आकडे म्हणून वाचायची.

पहिला आकडा धुळीचा. तो जास्तीत जास्त सहा असतो. पाच म्हणजे थोडी धूळ आत जाईल, पण काम बिघडण्याइतकी नाही. सहा म्हणजे आत अजिबात जाणार नाही. ही परीक्षा कशी घेतात ते गमतीचे आहे. यंत्र एका बंद खोक्यात ठेवून त्यात टाल्कम पावडरीचा धुरळा उडवतात, तीच पावडर जी आपण तोंडाला लावतो. शेवटी पेटी उघडून आत किती पावडर गेली ते पाहतात.

दुसरा आकडा पाण्याचा. चार म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसेल. पाच म्हणजे नळीची धार सोसेल. परीक्षेत मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याची धार दोन-तीन हातांवरून नव्हे, अडीच-तीन मीटरवरून मारतात. सहा म्हणजे त्याहून जबर धार, मिनिटाला १०० लिटरची. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालेल. आकड्याच्या जागी ‘एक्स’ हे अक्षर असेल तर त्या बाजूची परीक्षाच झालेली नाही, असे समजा.

इथे एक गोम आहे, ती दुकानदारही सहसा सांगत नाहीत. सात हा पाचापेक्षा मोठा आकडा दिसतो खरा, पण बुडण्याची परीक्षा पास झालेले यंत्र धारेची परीक्षा पास होतेच असे नाही. शांत पाण्यात पोहणारा पुराच्या लोंढ्यात टिकतोच का? ज्याला रोज नळीने यंत्र धुवायचे आहे त्याने दोन्ही नोंदी असलेले, आयपी ६५ आणि ६७ असे लिहिलेले यंत्र मागावे. आणि या आकड्यांत पडणे, आपटणे, ऊन, दुधाचा आंबटपणा यांचा काहीही हिशेब नाही, हेही ध्यानात ठेवा.

कुणी कोणता आकडा घ्यावा

रस्त्याकडेच्या फळवाल्याला वर ताडपत्री असेल आणि पाऊस आला की काटा झाकायची सवय असेल तर आयपी ५४ पुरे. आपल्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबरच्या चार-सहा जोरदार सरींत येतो. त्या चार-सहा सरींसाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा जाड प्लॅस्टिकचे पारदर्शक आवरण आणि विटांवर ठेवलेली सपाट फळी यांवर खर्च करा. काटा जमिनीपासून हातभर उंच असला की ट्रकचा धुरळा आणि चिखलाचे शिंतोडे निम्म्याने कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

पंढरपूरची गोष्ट वेगळी. वारीत कुंकू, बुक्का, अष्टगंध विकणाऱ्यांचे काटे पाहा. परीक्षेतल्या टाल्कम पावडरीची भावंडेच ती! कुंकवाची पूड बटणांच्या फटीत, चार्जरच्या भोकात, बिलाच्या यंत्राच्या दाताळ्यात जाऊन बसते, आणि आषाढातल्या दमट हवेत तिचा लगदा होतो. दिवसभर फुंकर मारून ती आत आणखी खोल ढकलली जाते. या धंद्याला धुळीचा आकडा सहाच हवा. बटणे वेगवेगळी उठलेली नसावीत, वर एकसंध पातळ पडदा असलेली असावीत, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येतात. पिठाची गिरणी, भाकरीचे पीठ, हळद-मिरचीचा डंख यांनाही हाच नियम लागू आहे.

सर्वांत कठीण जागा दूध संकलन केंद्राची, आणि तिथेच लोक सर्वांत स्वस्त काटा आणून ठेवतात याचे मला नवल वाटते. सकाळ-संध्याकाळ कॅन येतात, दूध सांडते, शेवटी फरशी धुतात आणि त्याच पाण्यात काटाही धुतला जातो. सांडलेले दूध आंबते. त्या आंबट पाण्यात ॲल्युमिनियमची दांडी पांढरी पडून खात जाते. इथे काट्याचा सांगाडा आणि लोड सेल दोन्ही स्टेनलेस स्टीलचे, आणि लोड सेल चहूबाजूंनी वितळजोड करून बंद केलेला असावा. त्यावर ६५ आणि ६७ या दोन्ही नोंदी हव्यात. आकडे दाखवणारी पेटी काट्याला न जोडता भिंतीवर, छातीच्या उंचीवर, उत्पादकालाही दिसेल अशी लावा. अशा काट्याला पैसे बरेच जास्त पडतात, हे खरे. पण त्या एका काट्यावर गावातल्या पन्नास-साठ घरांचे दूध रोज दोनदा तोलले जाते. किमतीला तेवढ्या घरांनी भागून पाहा. आणि ज्यांच्या घरचे दूध तिथे जाते त्यांनीही आपल्या केंद्रातल्या काट्याची पाटी एकदा वाकून वाचावी. कुणी रागावले तर रागावू द्या.

उन्हाचे काय

धूळ-पाण्याविषयी सगळे बोलतात, उन्हाविषयी कुणी बोलत नाही. काट्याच्या पाटीवर तापमान लिहिलेले नसेल तर तो उणे १० ते ४० अंश सेल्सिअसपर्यंतच नीट चालेल असे धरायचे असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतलाच पारा ४२-४३ वर जातो. मग उन्हात तापलेल्या काळ्या पेटीच्या आत काय होत असेल! काटा सावलीत ठेवायचा, ही शिस्त पाळाच. शक्य असेल तर पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचे झाकण घाला.

बिलाच्या यंत्राला उन्हाचा त्रास आणखी. ही यंत्रे शाई वापरत नाहीत. त्यांचा कागदच उष्णतेने काळा पडणारा असतो आणि यंत्राचे गरम टोक त्यावर अक्षरे उमटवते. त्यामुळे कागदाची गुंडाळी उन्हात राहिली तर ती आपोआप काळवंडते, आणि दिलेले बिल गाडीच्या काचेमागे राहिले तर कोरे होते किंवा पुरते काळे होते. खते-बियाण्यांची बिले वर्षभर जपायची असतील तर त्यांची छायाप्रत काढा किंवा मोबाइलवर फोटो घ्या. पीक गेल्यावर तक्रार करायला तोच पुरावा असतो.

त्यातून बिलाच्या यंत्राला कागद बाहेर पडायला फट असतेच. तिथून धूळ-पाणी जाणार, मग पेटीवर काहीही लिहिलेले असो. हातात धरायच्या यंत्रांत आयपी ५४ची मिळतात, त्याहून वरच्यासाठी धावू नका. फट खाली किंवा बाजूला असलेले यंत्र आकाशाकडे तोंड केलेल्यापेक्षा बरे. काचेवर बोट फिरवून चालणारी यंत्रे ओल्या, तेलकट किंवा मातीच्या हातांना दाद देत नाहीत, आणि काचेवर पावसाचे थेंब पडले तर नको ते बटण आपोआप दाबले जाते. आपल्या कामाला दाबायची बटणे चांगली. गिऱ्हाईक थोडे आणि माल एक-दोनच असेल तर बिलाचे यंत्र न घेता छापील पावतीपुस्तक आणि बॉलपेन यांवर भागवा, असेही मी बऱ्याच जणांना सांगतो.

बोलणाऱ्या डब्याचे थोडक्यात सांगतो. त्याच्या आवाजाच्या जाळीतून पाणी सहज आत जाते, म्हणून तो तोंड खाली करून आडोशाला टांगा. त्याची बॅटरी लिथियमची असते. ती ४५ अंशांवर तापलेली असताना चार्ज करू नये. दुपारी चार्जिंगला लावायची सवय मोडा, रात्री लावा. क्यूआर कोडच्या कागदावर प्लॅस्टिकचा थर चढवून घ्या आणि रोज सकाळी एकदा आपल्याच मोबाइलने तो तपासा. त्यावर रात्रीतून दुसऱ्याचा कागद चिकटवून पैसे पळवल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या आहेत. गिऱ्हाइकाने मोबाइलवर दाखवलेले चित्र म्हणजे पैसे नव्हेत. डबा बोलला तरच माल द्या.

एकदा उघडला की

आता जे सांगतो ते नीट ऐका. चांगल्या यंत्राची पेटी बंद करताना सांध्यात रबराची कड बसवलेली असते. धूळ-पाणी अडवण्याचे काम तीच करते. आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत ते रबर कडक होते, चिरते. आणि काटा बिघडला म्हणून गावातल्या रेडिओ-मोबाइलवाल्याने स्क्रू काढून उघडला, रबर वाकडे बसवून परत बंद केला, की त्यावरचा ६५ हा आकडा फक्त छापील उरतो. पहिल्या पावसात पाणी आत.

दुसरे नुकसान त्याहून मोठे. काटा उघडला जाऊ नये म्हणून निरीक्षकाने त्यावर सील लावलेले असते. २००९ च्या वैधमापन कायद्याखाली, जो २०११ पासून लागू आहे, धंद्यातला प्रत्येक काटा तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दर वर्षी हवा. सील तुटले की वर्ष संपलेले नसले तरी तो काटा पुन्हा तपासून घेईपर्यंत धंद्यात वापरता येत नाही. म्हणून दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करा, नवे रबर घालून मागा, आणि तिथून काटा सरळ वैधमापन कार्यालयात न्या. मिळालेले प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे असते. पेटीत कुलूप लावून ठेवायचे नसते.

जुन्या मंडळींना आठवत असेल, शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले ते १९५६ च्या कायद्याने, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने ते रूढ झाले. तेव्हाचा लोखंडी दांडीचा तराजू आजही कायद्याने चालतो, त्याला दोन वर्षांनी शिक्का लागतो, आणि धूळ, पाऊस, भारनियमन यांची त्याला फिकीर नाही. ज्याच्या घरी तो आहे त्याने मोडीत घालू नये. पावसाळ्यात एखादा दिवस तोच धंदा सांभाळतो.

विजेचे दोन शब्द. टेबलावरच्या बऱ्याच काट्यांत लहान शिसे-आम्लाची बॅटरी असते. हंगाम संपला की ती उतरलेल्या अवस्थेत माळ्यावर टाकू नका, महिन्यातून एकदा चार्ज करा, नाहीतर पुढच्या हंगामात ती मेलेली निघते. आणि काटा ठेवताना त्याभोवती गूळ-साखरेचा कण नसावा. उबेला मुंग्या आत जातात, मुंग्यांमागे पाल जाते.

विकत घेताना दुकानातच हे करून पाहा. काटा सपाट जागी ठेवून त्यातला पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणा. शिक्क्याचे पाच किलोचे वजन मागून घ्या आणि ते पारड्याच्या मध्ये, मग चारही कोपऱ्यांत ठेवा. ५ ग्रॅम ‘ई’च्या काट्यावर पाच किलोला शिक्का मारताना चालणारी चूक इकडे-तिकडे ५ ग्रॅमची असते, वापरात तिच्या दुप्पट. एखाद्या कोपऱ्यात त्याहून जास्त फरक पडला तर तो काटा परत करा, ‘सेटिंग करून देतो’ म्हणाले तरी. वॉरंटीच्या कागदावर पाण्याने झालेला बिघाड धरला आहे की वगळला आहे ते वाचा. बऱ्याचदा पेटीवर ६५ लिहिलेले असते आणि कागदावर पाणी वगळलेले असते. तसे असेल तर विक्रेत्याला बिलावर आयपीचा आकडा आणि मॉडेल मंजुरीचा क्रमांक लिहून द्यायला सांगा. लिहून देत नसेल तर दुसरे दुकान गाठा. सोलापुरात, बार्शीत, पंढरपुरात काट्यांची दुकाने बरीच आहेत.

डाळिंबाचा हंगाम तोंडावर आला की वैधमापन कार्यालयात गर्दी होते. शिक्क्याची तारीख आजच काट्याच्या प्रमाणपत्रावर पाहून घ्या आणि संपायच्या महिनाभर आधी जाऊन या. जाताना पारडे उचलून खालची माती झाडायला विसरू नका.